परदेशातून मूल दत्तक घेणे : कागदांचा घोळ (अनुभव हवेत)

कातळफूल
नमस्कार मंडळी. एरवी मोहोर, फवारणी आणि कॅनिंगच्या दराच्या धाग्यांवर मी दिसते, आज वेगळंच विचारायचंय.

आमच्या बागेत पूर्वी नेपाळचं एक कुटुंब राखणीला होतं. त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना आली, वाडीतल्या शाळेत मराठीत शिकली, मालवणी आमच्यापेक्षा बरी बोलायची. माझ्या धाकट्या दिराने तिच्याशी लग्न केलं. घरात व्हायचं ते झालं. दोघं तिच्या माहेरी गेली, कैलाली जिल्ह्यात धनगढीजवळ, आणि तिथेच छोटं हॉटेल टाकलं. दोन वर्षांपूर्वी एकाच अपघातात दोघंही गेली. मुलगा आता सहा वर्षांचा आहे, तिच्या आईकडे असतो. म्हातारीला एका डोळ्याने दिसत नाही. ती म्हणते, मी आहे तोवर घेऊन जा. आम्हाला एक मुलगी, दहावीला. सगळ्यांची तयारी आहे.

फाइल एकोणीस महिने फिरतेय.

जन्मदाखला तिकडच्या वडा कार्यालयाचा, म्हणजे प्रभाग कार्यालयाचा. तारीख विक्रम संवतातली, साल २०७६, महिना मंसिर. इथे एका टेबलावरच्या बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "वहिनी, हे पोर अजून जन्माला यायचंय." त्या दिवशी हसू आलं. पुढे तारखेच्या रूपांतराच्या प्रतिज्ञापत्रात सात आठवडे गेले तेव्हा नाही आलं.

दाखला नेपाळीत, म्हणजे देवनागरीच. एका कार्यालयात म्हणाले, भाषांतर कशाला, वाचता येतंय की. दुसरीकडे म्हणाले, प्रमाणित भाषांतर आणा. आमच्या आडनावात ळ आहे. नेपाळीत ळ नाही, तिकडे ल लागला. झालं! मुलाचा बाप आणि माझा नवरा सख्खे भाऊ कशावरून? त्यात आजीने कागद जपायचा म्हणून दाखल्याला बाजारातून लॅमिनेशन करून घेतलं. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, म्हणून परत. दाखल्यात बापाच्या नावापुढे देश 'भारत' लिहिलाय, तेवढा एक दिलासा.

वैद्यकीय अहवाल पहिल्या वर्षी केला तो आता जुना झाला म्हणतात. फाइलीतलं पोर अजून पंधरा किलोचंच आहे, खरं एकोणीस किलोचं झालंय.

कुणी परदेशातून मूल आणलंय का? किती दिवस लागले? कुठे जाऊन बसलं की काम हलतं?

खाडीकाठ
ताई, सीमा उघडी आहे ना? १९५० च्या करारापासून आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, त्यांना इकडे यायला लागत नाही. रत्नागिरी-हर्णैच्या बोटींवर कितीतरी खलाशी तिकडचेच. जा आणि घेऊन या पोराला. कागद मागाहून.

गजाली
खाडीकाठ +१. माका पण ताच वाटता. पोराक आणा, पेज घाला, साहेब काय करतलो?

काळा कोट
वरच्या दोघांचं अजिबात ऐकू नका. मूल आणता येईल, मुद्दा तो नाहीच. उद्या कुणी तक्रार केली की परक्या देशातलं मूल कागदाशिवाय घरात ठेवलंय, तर पोलीस आधी तुमच्या दारात आणि मूल बालकल्याण समितीपुढे. मग आजी तिकडे, तुम्ही इकडे आणि मूल तिसऱ्याच ठिकाणी.

सरळ रस्ता सांगतो. बालन्याय कायदा २०१५ आणि दत्तक नियमावली २०२२. भारतीय नागरिक परदेशातलं मूल दत्तक घेत असतील तर आधी त्या देशाच्या कायद्याने तिथले सोपस्कार पुरे करायचे. इकडे काराची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्यासाठी गृह अध्ययन अहवाल, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल आणि व्हिसा लागणार असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीकडे प्रवेश व्हिसाचा अर्ज, आणि गृह मंत्रालयाच्या परकीय नागरिक विभागाची परवानगी वकिलातीमार्फतच. एका वाक्यात लिहिलं, पण यातला प्रत्येक स्वल्पविराम तीन-चार महिन्यांचा आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. काका हा कायद्याने 'नातेवाईक' आहे. चुलते, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा एवढेच त्या व्याख्येत बसतात. नात्यातल्या दत्तकाला वयाची अट लागू नाही.

कातळफूल
वकीलसाहेब, ही वयाची गंमत मला आठ महिन्यांनी कळली. एका ठिकाणी आमच्या दोघांच्या वयाची बेरीज करून, ती नव्वदच्या वर जाते म्हणून, फाइल बाजूला ठेवली होती.

काळा कोट
नव्वदची मर्यादा दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी. चार ते आठच्या मुलाला जोडप्याची बेरीज शंभरपर्यंत चालते. म्हणजे नातेवाईक नसतात तरी बसला असतात. बेरीज बरोबर केली, ओळ चुकीची वाचली.

शेवरी
परदेशातलं नाही, पण कागदांचं सांगते. आमची लेक राज्यातल्याच एका संस्थेतून आली. रांगेत तीन वर्षं गेली ती वेगळीच. मूल घरी आलं, हातात खेळायला लागलं, आणि दत्तकाचा आदेश अडकला. आधी आदेश कोर्ट द्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू. आमचा अर्ज तेव्हा कोर्टात. कोर्ट म्हणे आता आमचं काम नाही, तिकडे म्हणत अजून फाइल आली नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही प्रकरणं पाठवायला अंतरिम स्थगिती दिली, की पुन्हा उलटा प्रवास. तोवर लेक "आई, बॅटबॉल" म्हणायला लागली होती आणि कागदावर तिचं आडनाव रिकामं होतं. लसीकरणाच्या कार्डावर नर्सबाईंनी पेन्सिलीने लिहिलं. म्हणाल्या, पेनाने तुम्ही लिहा, आदेश आला की.

कातळफूल, गृहभेट झाली का?

कातळफूल
झाली, आषाढात! आमच्या घराकडे यायला व्हाळ ओलांडावा लागतो. समाजसेविका बाई दोनदा पाणी बघून परत गेल्या. तिसऱ्यांदा आमच्या ह्यांनी त्यांना वरच्या पायवाटेने आणलं. घर बघितलं, मुलीशी अर्धा तास एकटीशी बोलल्या, बँकेचं पुस्तक बघितलं. मागे जाऊन विहीर बघितली. कठडा नाही. वहीत लिहिलं. आमच्या विहिरीला साठ वर्षं कठडा नव्हता, त्यात एक म्हैस आणि एक जावई पडलेत, दोघेही वर आले. पण बाई म्हणाल्या, सहा वर्षांचं पोर आहे आणि कातळावरून आलेलं नाही, त्याला उडीचा अंदाज नसणार. बरोबरच होतं त्यांचं. आठ दिवसांत चिरे आणून कमरेएवढा कठडा बांधला, फोटो पाठवला. बाईंचा तो गृह अध्ययन अहवाल तीन वर्षं चालतो. अख्ख्या फाइलीत ताजा असलेला तेवढा एकच कागद.

गजाली
जावई म्हशीआधी पडलो की मागसून?

कातळफूल
मागसून. म्हशीला काढायला गेला होता.

बाणकोट_मस्कत
सलाम सगळ्यांना. आमचं थोडं उलटं. मी मस्कतला, भावाची मुलगी गावी. भाऊ वारला, वहिनीचं दुसरं लग्न झालं. आमच्यात दत्तक मानत नाहीत, कोर्टातून १८९० च्या पालक कायद्याखाली पालकत्व घेतलं. मस्कतला व्हिसाच्या खिडकीवर माणूस विचारतो, ही तुझी मुलगी का? म्हटलं नाही, पुतणी, पण माझ्याच जबाबदारीवर आहे. तर म्हणे, मग हिचा बाप कोण? मयत. मग हिची आई? आहे. मग ती का नाही आली? असे तीन दिवस.

नंतर एका वकिलाने सांगितलं की २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शबनम हाशमी यांच्या याचिकेवर स्पष्ट केलंय, बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, सक्ती नाही, मुभा आहे. आम्ही पालकत्वावरच राहिलो, घरच्या मोठ्यांचं मन राखलं. पण दर वेळी व्हिसा नवा करताना ती तीन दिवसांची चौकशी नवी होते. पोरगी आता सतरा वर्षांची आहे, खिडकीवर स्वतःच उत्तरं देते, माझ्यापेक्षा भारी अरबीत.

ळ_प्रेमी
नेपाळीत ळ नाही हे माहीत नव्हतं. हिंदीतही नाही, म्हणून तर आपल्या टिळकांचे तिकडे तिलक होतात. आडनावात ळ असलेल्या माणसाने लग्न करावं ते सातपुड्याच्या दक्षिणेलाच.

खाडीकाठ
अवांतर: माझ्या पासपोर्टवर आडनावात इंग्रजी एल आहे, मतदार यादीत ड, सातबाऱ्यावर ळ आणि लाइट बिलावर चक्क र. चार माणसं एका घरात राहतो आम्ही.

निवृत्त_अव्वल
जिल्ह्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं अव्वल कारकून म्हणून काढली, म्हणून दोन शब्द. टेबलावरचा माणूस दुष्ट नसतो. घाबरलेला असतो. परदेशातून मूल ही फाइल त्याच्या अख्ख्या नोकरीत एकदा येते. नमुना नाही, आधीचं उदाहरण नाही, विचारायला कोणी नाही. मग तो काय करतो? त्रुटी काढतो. त्रुटी काढली की फाइल अर्जदाराकडे जाते, त्याच्या टेबलावर राहत नाही. महिनाअखेरीच्या गोषवाऱ्यात 'प्रलंबित' च्या रकान्यात दिसत नाही. ळ चा ल ही त्याच्यासाठी देवाने पाठवलेली त्रुटी आहे.

उपाय: सगळ्या त्रुटी एकदम लेखी मागा. "आपल्या कार्यालयास अपेक्षित सर्व कागदपत्रांची यादी मिळावी" असा अर्ज, आवक शिक्क्यासह. पोच फाडू नका.

वाशिष्ठीकाठी
मी बालकांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं कडू बोलते. २०१० मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळमधून बेवारस म्हणून दाखवलेल्या मुलांचे दत्तक थांबवले. कारण कागद खरे निघत नव्हते. आई-बाप जिवंत असताना मूल बेवारस, अशी प्रकरणं. तुमचं प्रकरण तसं नाही हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. पण टेबलावरच्या माणसाला तुमचं लिहिणं दिसत नाही, त्याला दाखला दिसतो, आणि तसेच दिसणारे दाखले खोटेही असतात. "म्हातारी म्हणते घेऊन जा" हे वाक्य मीही दहा वेळा ऐकलंय, त्यातल्या दोनदा म्हातारीला आपण कशावर अंगठा दिला हे माहीत नव्हतं.

कातळफूल
वाशिष्ठीताई, राग नाही आला म्हणणार नाही. आला. पण आजी अंगठा देत नाही, सही करते. आमच्या बागेत असताना माझ्या सासूबाईंनी शिकवली. मराठीत.

वाशिष्ठीकाठी
मग तिचा जबाब तिकडच्या अधिकाऱ्यासमोर, तिच्या भाषेत, एकटीचा नोंदवून घ्या. तुम्ही खोलीत नको. तुमच्या फाइलीतला तो सगळ्यात मजबूत कागद होईल.

शेवरी
हे फार महत्त्वाचं. अनुमोदन.

काळा कोट
आणखी एक अडचण आताच सांगतो, नंतर बसून रडण्यापेक्षा. देशादेशांतल्या दत्तकाचा १९९३ चा हेग करार आहे, त्यात आपण २००३ मध्ये सामील झालो. नेपाळने २००९ ला सही केली, पण अनुमोदन दिलं नाही. आपले सगळे नमुने त्या करारावर बेतलेले. कुणी तुमच्याकडे कलम २३ चं, म्हणजे दत्तक त्या कराराप्रमाणे झालं असं सांगणारं प्रमाणपत्र मागितलं का?

कातळफूल
मागितलं! दोनदा. आम्ही काठमांडूपर्यंत विचारून आलो.

काळा कोट
ते प्रमाणपत्र करारातले देशच एकमेकांना देतात. मिळणारच नाही. तसं लेखी द्या की नेपाळ करारात नाही. कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्काही मागू नये कोणी, नेपाळ त्याही करारात नाही. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचा कन्सुलर विभाग, मग आपला दूतावास, असा साक्षांकनाचा रस्ता. आणि दाखल्याची नवी प्रत काढा वडा कार्यालयातून. लॅमिनेटचा कागद भिंतीवर लावा.

गजाली
म्हणजे जो कागद त्या देशात छापतच नाय तो आणूक सांगल्यानी. आमच्याकडे तेका गावऱ्हाटी, म्हंजे गावच्या देवळाचे रीतिरिवाज, म्हणतत. देवाक कौल लावलो असतो तर एवढ्यात पाकळी पडली असती.

कातळफूल
काठमांडूत त्रिपुरेश्वरला कन्सुलर विभाग आणि लैनचौरला दूतावास, दोन्ही रांगा करून झाल्या. धनगढी ते काठमांडू साडेसहाशे किलोमीटरच्या वर, आजी बसने आली. पोराला शेजारणीकडे ठेवून. तिच्या पिशवीत चिवड्यासारखं काहीतरी आणि आमच्या बागेतल्या जुन्या आमसुलांची पुडी होती, दहा वर्षांपूर्वीची. पित्तावर घेते म्हणाली.

पोरगा फोनवर मला ठूली आमा म्हणतो. मोठी आई. आंब्याला आँप म्हणत नाही, आंबो म्हणतो. त्याची आई त्याला तसंच शिकवून गेली.

*(चार महिन्यांनंतर)*

शेवरी
धागा वर काढतेय. कातळफूल, काही हललं?

कातळफूल
हललं नाही, पण सुधारलं. अव्वल साहेबांनी सांगितलं तसा अर्ज दिला, सगळ्या त्रुटींची यादी एकदम मिळाली. सतरा होत्या. त्यातल्या अकरा निकाली निघाल्या. आजीचा जबाब झाला. ती बाहेर येऊन म्हणाली, त्यांनी मला विचारलं मुलाला पाठवून तू एकटी काय करशील. मी सांगितलं, झोपेन.

वैद्यकीय अहवाल नवा केला. वीस किलो.

निवृत्त_अव्वल
आज सगळा धागा पहिल्यापासून वाचला, दुपारी लाइट नव्हती. एक शंका. तुम्ही धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की दाखल्यात बापाच्या नावापुढे देश 'भारत' आहे. तुमच्या दिराने भारतीय नागरिकत्व सोडलं होतं का?

कातळफूल
छे. कशाला सोडेल. त्याचं मतदार कार्ड अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे.

निवृत्त_अव्वल
मग हे मूल परदेशी आहे असं कोणी ठरवलं?

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या आई-बापांपैकी एक जरी जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असेल, तर मूल वंशाने भारतीय होऊ शकतं. अट एक: जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हायला हवी. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारच्या परवानगीने उशिरा नोंद करता येते. दुसरी: मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. आहे का त्याच्याकडे?

कातळफूल
नाही. काहीच नाही. तिकडची नागरिकता सोळाव्या वर्षी देतात म्हणे.

काळा कोट
साहेब, दंडवत. माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी 'परदेशातून' या शब्दावरच अडकलो. शिवाय नेपाळच्या २०१५ च्या संविधानाप्रमाणे आई नेपाळी आणि बाप परदेशी असेल तर मुलाला तिकडचं नागरिकत्व मिळतं तेही अंगीकृत, अर्ज करून. म्हणजे आज हे पोर कागदावर कुठलंच नाही.

पण थोडं सबुरीने घ्या. नोंद झाली तरी मूल राहतं नेपाळात, त्यामुळे आजीची संमती आणि तिकडच्या अधिकाऱ्याचा कागद लागेलच. फायदा एवढा की गृह मंत्रालयाची परकीय नागरिक परवानगी हा डोंगर बाजूला होतो. बापाचं नागरिकत्व सिद्ध करायला मतदार कार्ड एकटं पुरणार नाही. शाळेचा दाखला, जन्मनोंद शोधा. आणि लग्नाची नोंद?

कातळफूल
लग्न तिकडे देवळात झालं. इकडे नोंद नाही.

वाशिष्ठीकाठी
तिकडच्या वडा कार्यालयात विवाहाची नोंद असते का बघा. मुलाचा जन्म नोंदवताना ती बहुतेक आधी करून घेतली असेल.

कातळफूल
आजीने शोधली. आहे! तिथेही ळ चा ल.

ळ_प्रेमी
सातत्य आहे. दोन्ही कागदांवर ल म्हणजे माणूस एकच हे सिद्धच झालं की.

निवृत्त_अव्वल
थट्टेत बोललात, पण मुद्दा बरोबर आहे. प्रतिज्ञापत्रात हेच लिहा.

कातळफूल
उशिरा नोंदणीचा अर्ज भरायला घेतलाय. आमचे हे समोर बसलेत, पेन माझ्या हातात. सगळं भरून झालं. एका ठिकाणी 'विलंबाचे कारण' असा रकाना आहे आणि पुढे अर्धी ओळ रिकामी. पोर जन्मलं तेव्हा नोंद का केली नाही?

दिराने केली नाही कारण त्याला इकडचे कागद लागले असते आणि ते आमच्या घरात होते. त्याने मागितले नाहीत. लग्नानंतर चार वर्षं आमच्यात कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. मीसुद्धा. पोराचा जन्म आम्हाला राखणदारांपैकी एकाकडून कळला, तेव्हा मी आंब्याच्या पेट्या मोजत होते आणि मोजत राहिले. आता फाइल तेवीस महिने नडली म्हणून मी इथे ओरडतेय.

काय लिहू?

खाडीकाठ
लिहा, अज्ञानामुळे.

गजाली
लॉकडाऊन लिवा. सगळ्याक चलता.

काळा कोट
खोटं काहीही लिहू नका, तारखा तपासतात.

शेवरी
कातळफूल, फोन करू का?

निवृत्त_अव्वल
'कौटुंबिक कारणास्तव' लिहा. अर्ध्या ओळीत बसतं. काळ्या शाईने, निळी नको, आणि सही करण्याआधी दोन झेरॉक्स.